वाहतूक आणि व्यवहार : वेब सर्व्हिसमध्ये एचटीटीपीचं नेमकं काम कोणतं?

मागच्या व्याख्यानात आपण टीसीपीपर्यंत आलो होतो. या टोकाचे बाइट्स त्या टोकाला क्रमाने, न गळता, न दुबार होता कसे पोचतात, ते पाहिलं. आज एक पायरी वर चढायचं आहे. प्रश्न असा : वेब सर्व्हिस बांधताना आपण एचटीटीपी वापरतो, तो कशासाठी? निरोप वाहून नेणारी गाडी म्हणून, की निरोपाचा अर्थ सांगणारी भाषा म्हणून?

प्रश्न पुस्तकी वाटेल. पण मोबाइलवरून पैसे पाठवताना पडद्यावर चक्र फिरत राहतं, मग ‘काहीतरी अडचण आली’ असं दिसतं आणि पुन्हा बटण दाबावं की नाही हे कळत नाही, तेव्हा हाच प्रश्न आपल्या खिशाशी येऊन उभा असतो. सर्व्हिस बांधणाऱ्याने या प्रश्नाचं उत्तर आधी दिलेलं नसेल, तर ते वापरणाऱ्याला स्वतःच्या जोखमीवर द्यावं लागतं.

पोचपावती म्हणजे निकाल नव्हे

टीसीपीची थोडक्यात उजळणी करू. प्रत्येक बाइटला क्रमांक असतो. पलीकडची बाजू ‘इथपर्यंत मिळालं’ अशी पोच देत राहते. पोच आली नाही, तर अलीकडची बाजू तेवढा भाग पुन्हा पाठवते. सप्टेंबर १९८१ मध्ये आरएफसी ७९३ म्हणून हे लिहिलं गेलं आणि गाभा आजही तोच आहे.

आता ही पोच देतं कोण? पलीकडच्या मशीनमधली ऑपरेटिंग सिस्टिम. तुमचा प्रोग्राम नव्हे. बाइट्स मशीनच्या बफरमध्ये आले की पोच गेली. प्रोग्रामने ते वाचले का, समजून घेतले का, त्यावर काही केलं का, याच्याशी टीसीपीला कर्तव्य नाही.

एक घरगुती उदाहरण घेऊ, ते शेवटपर्यंत उपयोगी पडेल. तुम्ही तहसील कार्यालयात रजिस्टर एडीने एक अर्ज पाठवला. काही दिवसांनी सही-शिक्क्याची पोचपावती परत आली. काय सिद्ध झालं? पाकीट कार्यालयात पोचलं, इतकंच. ते उघडलं का, योग्य टेबलावर गेलं का, अर्ज मंजूर झाला का, यातलं काहीही त्या पावतीवरून कळत नाही. टपाल खात्याने आपलं काम चोख केलं. तुमचं काम झालं की नाही, ही वेगळी गोष्ट.

आता समजा, तुमच्या ॲपने ‘पाचशे रुपये वळते करा’ अशी विनंती पाठवली आणि तीस सेकंद उत्तर आलं नाही. तीन शक्यता आहेत. पहिली, विनंती पोचलीच नाही. दुसरी, पोचली, पण काम अर्ध्यावर असताना सर्व्हर बंद पडला. तिसरी, काम पूर्ण झालं, पैसेही गेले, पण उत्तर परत येताना वाटेत हरवलं. अलीकडे बसलेल्या ॲपला या तिन्ही शक्यता अगदी सारख्या दिसतात : टाइमआउट.

‘पण टीसीपी तर दुबार होऊ देत नाही ना?’ हा प्रश्न हमखास येतो. टीसीपीचं ते वचन एका कनेक्शनपुरतं आहे. कनेक्शन तुटलं आणि तुम्ही नवीन उघडून तीच विनंती पुन्हा पाठवली, की टीसीपीच्या दृष्टीने ते नवे बाइट्स. आधी असंच काही गेलं होतं, हे त्याला माहीत नाही आणि माहीत असायचं कारणही नाही.

टोकांनाच माहीत असतं

ही टीसीपीची उणीव नव्हे. वाहतुकीच्या थराने काय करावं आणि काय टोकांवर सोडावं, याचा विचार फार आधी झाला आहे. एमआयटीतल्या जेरोम सॉल्ट्झर, डेव्हिड रीड आणि डेव्हिड क्लार्क या तिघांचा ‘एंड-टू-एंड’ मांडणीवरचा निबंध १९८१ मध्ये एका परिषदेत आला आणि १९८४ मध्ये नियतकालिकात छापला गेला. त्यांचं म्हणणं असं : काही गोष्टींची पूर्ण खात्री फक्त दोन टोकांवरच्या ॲप्लिकेशनलाच करता येते, कारण काम पूर्ण होणं म्हणजे काय, हे फक्त त्यांनाच माहीत असतं. मधल्या थराने मदत केली तर वेग वाढेल, पण खात्रीची जबाबदारी काही टोकांवरून हलत नाही.

त्या निबंधात एक खरी घटना दिली आहे. एमआयटीतल्या जाळ्यात टप्प्याटप्प्यावर चूक शोधणारी तपासणी होती, म्हणून सगळे निर्धास्त. पण एका गेटवे संगणकात दोष निर्माण झाला. एका बफरमधून दुसऱ्यात नक्कल करताना साधारण दहा लाख बाइट्समागे एकदा दोन बाइट्सची अदलाबदल व्हायची. तपासणी तारांवर होती, चूक मशीनच्या पोटात होत होती. त्यामुळे कुठलीही घंटा वाजली नाही. एका ऑपरेटिंग सिस्टिमचा सोर्स कोड त्या गेटवेतून वारंवार गेला आणि त्यातल्या काही फाइली बिघडल्या. शेवटी मालकांना जुन्या छापील प्रती काढून हाताने ताळा करावा लागला.

यातून आपल्या विषयापुरतं एवढं घेऊ : ‘पोचलं का’ याचं उत्तर खालचा थर देतो, ‘झालं का’ याचं उत्तर वरच्या थराला द्यावं लागतं. मग वरच्या थराकडे त्यासाठी शब्द हवेत. एचटीटीपीकडे ते आहेत.

पाकिटाबाहेरचा मजकूर

पुन्हा तहसील कार्यालयात जाऊ. पाकिटावर बाहेर ‘विषय : सातबारा उताऱ्याची प्रत मिळणेबाबत’ असं लिहिलेलं असेल, तर दारावरचा शिपाईसुद्धा ते योग्य खिडकीकडे पाठवू शकतो. प्रत देण्याने मूळ नोंदीत काही बदलत नाही, त्यामुळे दोनदा मागितली तरी बिघडत नाही. ‘विषय : फेरफार नोंद करणेबाबत’ असेल तर मामला वेगळा. तिथे नोंद बदलणार आहे. आणि पाकिटावर नुसतंच ‘मा. साहेबांना’ लिहिलं असेल तर? मग ते थेट साहेबांच्या टेबलावर जाणार आणि तिथे उघडेपर्यंत कुणालाच काही करता येणार नाही.

एचटीटीपीच्या विनंतीत बाहेरून वाचता येणाऱ्या गोष्टी अशाच आहेत. कशाबद्दल बोलतोय, ते यूआरएल सांगते. काय करायचंय, ते मेथड सांगते : गेट, पुट, पोस्ट, डिलीट वगैरे. अटी काय, ते हेडर सांगतात. उत्तरात निकालाचा प्रकार स्टेटस कोड सांगतो. या प्रत्येकाला प्रमाणग्रंथात ठरलेला अर्थ आहे, आणि तो अर्थ तुमच्या आमच्या प्रोग्रामच्या बाहेर असलेल्या यंत्रणांनाही कळतो.

यातले दोन अर्थ नीट समजून घेण्यासारखे आहेत. पहिला, ‘सेफ’ म्हणजे निर्धोक. गेट ही निर्धोक मेथड आहे : मी फक्त बघतोय, काही बदलायला सांगत नाही. दुसरा, ‘आयडेम्पोटंट’. शब्द अवघड, कल्पना सोपी. लिफ्टचं बटण पाच वेळा दाबलं तरी लिफ्ट एकदाच येते. ते आयडेम्पोटंट. टपरीवर ‘एक कटिंग’ असं पाच वेळा सांगितलं तर पाच कटिंग येतात. ते नव्हे. पुट आणि डिलीट पहिल्या प्रकारातल्या : ‘या पत्त्यावर हे ठेव’ किंवा ‘हे काढून टाक’ एकदा सांगा की दहादा, शेवटची स्थिती तीच. पोस्ट दुसऱ्या प्रकारातली, तिच्याबद्दल असं गृहीत धरता येत नाही.

हा भेद तुम्ही सगळ्यांनी बघितला आहे. फॉर्म भरून पाठवल्यावर उघडलेलं पान रिफ्रेश केलं, की ब्राउझर विचारतो, ‘फॉर्म पुन्हा पाठवायचा का?’ साध्या बातमीच्या पानावर तो असं विचारत नाही. का? ब्राउझरला तुमच्या बँकेबद्दल किंवा दुकानाबद्दल काही माहिती नाही. त्याला एवढंच माहीत आहे की मागची विनंती पोस्ट होती. नियमच असा आहे की प्रॉक्सीने आयडेम्पोटंट नसलेली विनंती आपणहून पुन्हा पाठवायची नाही, आणि क्लायंटनेही विशेष कारण असल्याशिवाय पाठवायची नाही. एका शब्दावरून अनोळखी यंत्रणा तुमच्या पैशांची काळजी घेते, ती अशी.

कॅशचंही तसंच. (रोख रकमेची नव्हे, साठवणीतली कॅश.) एसटीचं वेळापत्रक सणाच्या आदल्या दिवशी हजारो लोक मागतात. मागणी गेटने येत असेल आणि उत्तरावर ‘हे दहा मिनिटं चालेल’ असा कॅश-कंट्रोल हेडर असेल, तर मधला कॅश सर्व्हर परस्पर उत्तर देतो आणि मूळ सर्व्हरला धापही लागत नाही. प्रत जुनी झाल्यावर कॅश ‘माझ्याकडे ही आवृत्ती आहे, बदललीय का?’ असं ईटॅग दाखवून विचारते. बदलली नसेल तर ३०४ एवढंच उत्तर, मजकूर पुन्हा पाठवायची गरज नाही. तोच ईटॅग लिहिताना ‘इफ-मॅच’ म्हणून दिला, तर दोघांनी एकाच वेळी एकच नोंद बदलली आणि दुसऱ्याने पहिल्याचं काम पुसलं, असं होत नाही. दुसऱ्याला ४१२ मिळतो : तू वाचलीस ती नोंद आता तशी राहिलेली नाही.

‘ट्रान्सफर’ आणि ‘ट्रान्सपोर्ट’

एचटीटीपीमधल्या दुसऱ्या ‘टी’चा अर्थ ट्रान्सफर. ट्रान्सपोर्ट नव्हे. मराठीत बोलायचं तर हस्तांतर, वाहतूक नव्हे. जमिनीचं हस्तांतर म्हणतो तेव्हा कुणी माती ट्रकमध्ये भरत नाही. कोणाकडून कोणाकडे, कोणत्या अटींवर, नोंद कुठे, हे त्यात येतं.

रॉय फील्डिंग हे एचटीटीपीच्या प्रमाणग्रंथाच्या मुख्य लेखकांपैकी एक. २००० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत त्यांनी जो प्रबंध सादर केला, त्यातून ‘रेस्ट’ हा शब्द जगाला मिळाला. त्या प्रबंधात एका उपविभागाचं शीर्षकच ‘एचटीटीपी हा ट्रान्सपोर्ट प्रोटोकॉल नाही’ अशा अर्थाचं आहे. ही गोष्ट तेव्हा मुद्दाम सांगावी लागली, याला कारण होतं.

सोपची गोष्ट

१९९०च्या दशकाच्या शेवटी कंपन्यांना आपापल्या प्रणाली इंटरनेटवरून एकमेकींशी बोलायला हव्या होत्या. अडचण फायरवॉलची. बहुतेक ठिकाणी वेबसाठीचे ८० आणि ४४३ हे पोर्ट तेवढे उघडे, बाकी दारं बंद. मग विचार आला : उघड्या दारातूनच सगळं नेऊ. १९९८ मध्ये एक्सएमएल-आरपीसी आलं, मे २००० मध्ये सोप १.१ हा दस्तऐवज डब्ल्यू३सीने टिपण म्हणून प्रसिद्ध केला, आणि जून २००३ मध्ये सोप १.२ ही त्यांची अधिकृत शिफारस झाली.

रचना अशी : जे काही सांगायचं ते एक्सएमएलच्या लिफाफ्यात घालायचं आणि तो लिफाफा एचटीटीपीच्या पोस्ट विनंतीत ठेवून एका ठरलेल्या यूआरएलला पाठवायचा. शिल्लक विचारायची, तरी पोस्ट. पैसे पाठवायचे, तरी पोस्ट. पत्ता तोच. म्हणजे पाकिटावर कायमच ‘मा. साहेबांना’. सोप १.१ मध्ये चूक कळवताना स्टेटस कोड ५०० द्यायचा, असा नियम होता. तुम्ही खातेक्रमांक चुकीचा लिहिला असला तरी बाहेर ५०० दिसणार, म्हणजे ‘सर्व्हरमध्ये बिघाड’. चूक कोणाची, हे लिफाफा फोडल्यावरच कळणार.

सोपच्या बाजूने बोलायला हवं. ते बनवणाऱ्यांना एचटीटीपी समजत नव्हता असं नाही. त्यांना एकच निरोप एचटीटीपीवरून, मेलवरून किंवा एखाद्या मेसेज क्यूवरून, कशावरूनही जायला हवा होता. त्यासाठी सगळा अर्थ लिफाफ्याच्या आत ठेवणं हे सुसंगतच होतं. निरोप अनेक मध्यस्थांतून जाणार असेल, तर त्याच्यावर थेट सही करून ठेवण्याची सोयही त्यातून मिळाली, जी नुसत्या टीएलएसमधून मिळत नाही.

पण किंमत मोजावी लागली. एचटीटीपी हा पाइप ठरवल्यावर त्याने आयतं दिलेलं सगळं लिफाफ्याच्या आत पुन्हा बांधणं आलं. पत्ता सांगायला डब्ल्यूएस-ॲड्रेसिंग. निरोप नक्की पोचावा म्हणून डब्ल्यूएस-रिलायेबल मेसेजिंग. सुरक्षेसाठी डब्ल्यूएस-सिक्युरिटी. एकेक दस्तऐवज जाडजूड, आणि दोन कंपन्यांच्या साधनांनी तो सारखाच वाचला असेल याची खात्री नाही. मधल्या कॅशना, प्रॉक्सींना यातलं काही कळत नव्हतं, ते कळत नव्हतंच. सोप १.२ मध्ये निर्धोक चौकशीसाठी गेट वापरायची सोय आली, पाठवणाऱ्याच्या चुकीला ४०० देण्याचा नियम आला. तोवर साधनं आणि सवयी पोस्टवर पक्क्या झाल्या होत्या.

फायरवॉलचा मुद्दाही विचार करण्यासारखा आहे. दार वेबसाठी उघडं ठेवलं होतं. त्यातून दुसरंच काही नेलं, की पहारेकऱ्याला बाहेरून दिसतं ते आणि आत चालतं ते वेगळं होतं. आयईटीएफने फेब्रुवारी २००२ मध्ये आरएफसी ३२०५ काढून, एचटीटीपीचा पायासारखा वापर करताना कशाचा विचार करावा, हे सांगितलं. वीस वर्षांनी, जून २०२२ मध्ये, त्याची जागा आरएफसी ९२०५ ने घेतली. दोन दशकं तोच सल्ला नव्याने लिहावा लागला, यावरून प्रश्न किती चिवट आहे ते लक्षात येईल.

उलटी चूक

आता नाण्याची दुसरी बाजू. अर्थ न वापरणं ही एक चूक. चुकीचा अर्थ वापरणं ही दुसरी.

मे २००५ मध्ये गूगलने ‘वेब ॲक्सेलरेटर’ नावाचं साधन लोकांना दिलं. तुमच्या संगणकावर बसून ते पानावरच्या लिंक तुम्ही दाबण्याआधीच उघडून ठेवायचं, म्हणजे तुम्ही दाबल्यावर पान झटकन दिसावं. लिंक म्हणजे गेट, गेट म्हणजे निर्धोक, तेव्हा आधीच उघडून बघायला हरकत काय? पण त्या काळातल्या काही वेब ॲप्लिकेशनमध्ये ‘ही नोंद काढून टाका’ हीसुद्धा साधी लिंकच होती. लॉग-इन वापरणाऱ्याचंच असल्यामुळे ते साधन आतल्या पानांपर्यंत पोचत होतं. त्याने इमानेइतबारे एकेक लिंक उघडली आणि लोकांच्या नोंदी गायब होऊ लागल्या. ३७सिग्नल्स कंपनीच्या बॅकपॅक या सेवेच्या वापरकर्त्यांना याचा फटका बसला आणि त्यावर तेव्हा बरीच चर्चा झाली.

त्या साधनाने प्रमाणग्रंथाप्रमाणेच वागणूक केली होती. गेट म्हणजे ‘फक्त बघतोय’ असा जाहीर शब्द दिलेला असताना मागे नोंद पुसली जात होती. मेथड ही आपण त्रयस्थांना दिलेली हमी असते, आणि त्रयस्थ त्या हमीवर विसंबून वागतात.

खालची गाडी बदलली, भाषा तीच

एचटीटीपी ट्रान्सपोर्ट नाही, याचा सर्वांत ठोस पुरावा गेल्या दहा-बारा वर्षांत मिळाला. मे २०१५ मध्ये एचटीटीपी/२ आला. ओळीओळीच्या मजकुराच्या जागी बायनरी फ्रेम आल्या, एकाच कनेक्शनवर अनेक विनंत्या समांतर जाऊ लागल्या. जून २०२२ मध्ये एचटीटीपी/३ आला, आणि यात तर खालचा टीसीपीच काढून टाकला. त्याच्या जागी यूडीपीवर चालणारा क्विक आला, जो मे २०२१ मध्ये आरएफसी ९००० म्हणून प्रमाणित झाला होता.

आणि वरचं काय बदललं? गेट ती गेटच. ४०४ तो ४०४च. कॅश-कंट्रोल, ईटॅग, सगळं जिथल्या तिथे. बहुतेक वेब सर्व्हिसना आपला कोड बदलावा लागला नाही. प्रमाणग्रंथांची मांडणीही आता तशीच आहे : अर्थ सांगणारा आरएफसी ९११० एकच, आणि तो अर्थ तारेवर कसा उतरवायचा, हे सांगणारे ग्रंथ आवृत्तीगणिक वेगळे. गाडी बैलगाडी असो की रेल्वे, अर्जाचा मसुदा तोच राहतो.

मग पाइप म्हणून वापरूच नये का?

असं आमचं म्हणणं नाही. जीआरपीसी बघा. ते एचटीटीपी/२ चा वापर बराचसा वाहतुकीसाठी करतं. प्रत्येक विनंती पोस्ट. चूक झाली तरी एचटीटीपीचा कोड साधारणपणे २००, आणि खरा निकाल शेवटी जोडलेल्या ‘जीआरपीसी-स्टेटस’मध्ये. पण त्यांनी हे जाणूनबुजून केलं, आणि सोडलेल्या गोष्टींची भरपाईही केली : स्वतःचे १७ स्टेटस कोड, प्रत्येक विनंतीला मुदत, पुन्हा पाठवण्याचे नियम. दोन्ही बाजू एकाच संस्थेच्या ताब्यात असतील आणि मधे अनोळखी कॅश, ब्राउझर नसतील, तर हा सौदा परवडतो.

ग्राफक्यूएल २०१५ मध्ये फेसबुकने खुलं केलं. तिथेही बहुधा एकच यूआरएल, बहुधा पोस्ट, आणि चुका २०० च्या आतल्या यादीत. हवी तेवढीच माहिती एका फेरीत मागता येते, हा फायदा मोठा. पण कॅशिंग गेलं. म्हणून मग लोकांनी ठरावीक प्रश्न सर्व्हरवर आधीच नोंदवून ते गेटने विचारायची पद्धत काढली. सोडलेली गोष्ट परत मिळवायला पुन्हा मागच्या दाराने यावं लागलं.

वेबसॉकेटचा प्रामाणिकपणा आम्हाला आवडतो. ते एचटीटीपीने दार वाजवतं, १०१ हे उत्तर घेतं, ज्याचा अर्थ ‘आता प्रोटोकॉल बदलतोय’, आणि त्यानंतर आपण एचटीटीपी असल्याचं सोंग करत नाही.

तेव्हा कसोटी अशी : पाइप म्हणून वापरणार असाल, तर चार प्रश्नांची उत्तरं तुमच्या स्वतःच्या प्रोटोकॉलमध्ये लिहून ठेवा. पुन्हा पाठवलं तर काय होईल? चूक कोणाची हे कसं कळेल? साठवलेलं उत्तर कधीपर्यंत चालेल? एकाच वेळी दोघांनी बदललं तर कोणाचं राहील? उत्तरं नसतील, तर एचटीटीपीने दिलेली तयार उत्तरं फेकून देऊ नका.

पैशाच्या व्यवहाराकडे परत

आता सुरुवातीचा टाइमआउट सोडवू. पैसे पाठवण्याची विनंती पोस्ट आहे, म्हणून आपोआप पुन्हा पाठवता येत नाही. उपाय : क्लायंटने विनंती पाठवण्याआधीच एक अद्वितीय क्रमांक तयार करायचा आणि तो प्रत्येक प्रयत्नाबरोबर तोच पाठवायचा. अनेक पेमेंट सेवा यासाठी ‘आयडेम्पोटन्सी-की’ असा हेडर वापरतात. सर्व्हर तो क्रमांक आणि व्यवहार एकत्रच, एकाच डेटाबेस ट्रान्झॅक्शनमध्ये नोंदवतो. पुन्हा तोच क्रमांक आला, की नवा व्यवहार न करता जुनाच निकाल परत देतो. कटिंगची ऑर्डर लिफ्टच्या बटणासारखी होते ती अशी. दुसरा मार्ग म्हणजे क्रमांक यूआरएलमध्येच घालून पुट वापरायचं.

इथे एक बारकावा सांभाळा. क्रमांक ‘पाठवा’ दाबताना दर वेळी नव्याने तयार केला, तर उपयोग शून्य. तो वापरणाऱ्याच्या एका हेतूला एकच हवा. ॲप बंद पडून पुन्हा उघडलं तरी तोच टिकायला हवा.

काम लांबणारं असेल तर २०२ द्या. म्हणजे काय, तर आवक क्रमांक. ‘अर्ज मिळाला, नोंदवला, निर्णय व्हायचाय, इथे चौकशी करा.’ पोचपावतीपेक्षा हे अधिक आहे, मंजुरीपेक्षा कमी, आणि नेमकं तेवढंच ते सांगतं. आपल्या यूपीआयच्या तांत्रिक मांडणीत हेच तत्त्व दिसतं : विनंतीला आधी फक्त पोच मिळते, निकाल नंतर वेगळ्या निरोपाने येतो, आणि व्यवहार क्रमांक सगळ्या निरोपांना बांधून ठेवतो. पडद्यावर ‘पेंडिंग’ दिसतं, तेव्हा यंत्रणा निदान खरं बोलत असते. निकाल ठाऊक नसताना ‘अयशस्वी’ म्हणणं हे त्याहून वाईट, कारण माणूस लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवतो.

श्रोत्यांचे काही प्रश्न

प्रश्न : आता सगळीकडे एचटीटीपीएस आहे. मधल्या कुणाला काही वाचताच येत नाही. मग मेथड आणि स्टेटस कोड पाळून फायदा कोणाला?

उत्तर : मधले बहुतेक जण आता तुमचेच आहेत. सीडीएन, लोड बॅलन्सर, एपीआय गेटवे, ही सगळी मंडळी टीएलएस उघडून आतली विनंती वाचतात, कारण तुम्हीच त्यांना किल्ली दिलेली असते. शिवाय टोकावरचा ब्राउझर, त्याची कॅश, तुमची क्लायंट लायब्ररी आणि रात्री दोन वाजता फोन वाजवणारी मॉनिटरिंग यंत्रणा. चूक २०० च्या आत लपवलीत, तर त्या यंत्रणेच्या फलकावर सगळं हिरवंगार दिसेल आणि ग्राहक मात्र रांगेत खोळंबलेले असतील.

प्रश्न : आमच्याकडे जुनी सोप सर्व्हिस आहे. पाडून नवीन बांधावी का?

उत्तर : चालतंय तर घाई नको. आधी कोणत्या क्रिया नुसत्या चौकशीच्या आहेत, त्यांची यादी करा. तेवढ्यांसाठी समोर गेटचा पातळ थर द्या. सर्व्हरवरचा बराच भार बहुधा तिथेच हलका होतो. मग नोंद बदलणाऱ्या क्रियांना व्यवहार क्रमांक द्या. तो लिफाफ्याच्या आत असला तरी चालेल, पण दोन्ही बाजूंनी पाळला पाहिजे. हे दोन झाल्यावर पुढचं ठरवा.

प्रश्न : सर्व्हरवर ताण आला तर क्लायंटने किती वेळा पुन्हा प्रयत्न करावा?

उत्तर : आकडा एकच असा नाही, पण सर्व्हरला बोलू द्या. ५०३ किंवा ४२९ बरोबर रिट्राय-आफ्टर हेडर पाठवला, तर किती थांबायचं ते त्यातच येतं. तो नसेल तर प्रत्येक वेळी थांबण्याचा काळ वाढवत न्या आणि त्यात थोडी यादृच्छिक भर घाला. नाहीतर सगळे क्लायंट एकाच सेकंदाला परत येऊन, सावरू बघणाऱ्या सर्व्हरला पुन्हा आडवा करतील.

वेळ संपत आली आहे. घरी गेल्यावर एक करून बघा. तुमच्या सर्व्हिसमधली सगळ्यात महत्त्वाची, नोंद बदलणारी एक क्रिया निवडा. काम पूर्ण झाल्यानंतर, पण उत्तर पाठवण्याच्या आधी, मुद्दाम कनेक्शन तोडा. मग क्लायंट काय करतो ते पाहा, आणि डेटाबेसमध्ये एक नोंद आहे की दोन, ते मोजा. पुढच्या व्याख्यानात आपण कॅशिंगकडे सविस्तर वळू.